परक्या जमिनीवर बांधलेले कोणाचे?
(संस्थेच्या कार्यकर्ता मेळाव्यात दिलेले भाषण)



विषय कायद्याचा, म्हणून रूक्ष. पण आपल्या दारातला आहे. आपल्या कितीतरी वस्त्यांत समाजमंदिर किंवा विहार उभे आहे. जागा कोणाची, असे विचारले की उत्तर मिळते, "अमक्यांनी दिली." दिली म्हणजे कशी? तोंडी! आपण वर्गणी काढतो, सुट्टीच्या दिवशी श्रमदान करून भिंती उभ्या करतो. पुढे देणारा वारतो, मुलांच्या वाटण्या होतात आणि एके दिवशी वकिलाची नोटीस येते.

आमच्या वस्तीत असेच झाले. आमच्याजवळ सिमेंटच्या पावत्या होत्या, वर्गणीची वही होती. जमिनीचा मात्र चिटोराही नव्हता.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १२३ सांगते, की जमीन बक्षीस द्यायची तर दोन साक्षीदारांच्या सह्यांचा नोंदणीकृत दस्त हवा. म्हणजे आम्हाला मिळालेले तोंडी दान हे दान नव्हतेच. "बारा वर्षे झाली, आता जागा आपलीच," असे आमच्यातले जाणते म्हणत होते. तेही चूक. १९६३ च्या मुदत कायद्यातील १२ वर्षे मालकाचा हक्क नाकारून उघडपणे ठेवलेल्या ताब्याची आहेत. मालकाच्या परवानगीने बसलेला ५० वर्षे बसला, तरी परवानगीनेच बसलेला! सरकारी जमिनीला तर मुदत ३० वर्षांची.

मग घाम गाळला तो फुकट गेला काय? नाही. जमिनीला जे जोडले ते जमीनमालकाचे, हा इंग्लंडचा जुना नियम आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. जमीन एकाची व इमारत दुसऱ्याची असू शकते. १८८२ च्याच सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ६० म्हणते, की परवानगीवर विसंबून कोणी खर्च करून कायमचे बांधकाम केले, तर मालकाला ती परवानगी मागे घेता येत नाही. हे कलम आमच्या उपयोगी पडले. मात्र त्याने जमिनीची मालकी मिळत नाही. शिवाय मालकाने जमीन विकली, तर केवळ परवानगी होती म्हणून ती नव्या खरेदीदारावर बंधनकारक ठरत नाही, असे कलम ५९ आहे.

खरेदीखत करून, जागा आपलीच असे प्रामाणिकपणे समजून बांधले आणि पुढे विकणाराच खरा मालक नव्हता असे निघाले, तर गोष्ट वेगळी. तेथे हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५१ प्रमाणे खऱ्या मालकाने बांधकामाची किंमत द्यावी, नाहीतर बाजारभावाने जमीन तरी विकावी. निव्वळ अतिक्रमण करणाऱ्याला हे कलम नाही.

आता परवानगी होती हे सिद्ध कसे करायचे? आमच्या एका आजींच्या ट्रंकेत उद्घाटनाची जुनी पत्रिका सापडली. तीवर प्रमुख पाहुणे म्हणून खुद्द जमीनमालकाचे नाव छापलेले! ती पाहून वारस तडजोडीला आले आणि त्यांनी नोंदणीकृत बक्षीसपत्र करून दिले. सर्वांनाच अशा आजी लाभतील असे नाही.

ज्यांच्या इमारतीचा कागद नाही, त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. गाव, गट नंबर आणि सातबाऱ्यावर आज कोणाचे नाव आहे, एवढे लिहून द्यावे. देणारा हयात असेल तर तसे ठळक लिहावे. त्या गावी आम्ही आधी जाणार आहोत.