सही जुळत नाही तेव्हा
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, आरोग्यावर बोला. मी डॉक्टर नव्हे, ३६ वर्षे बँकेत काढलेला माणूस. पण १२ वर्षे पत्नीची किडनी पोटात घेऊन याच बिल्डिंगचे जिने चढतोय, तेवढ्या अधिकारावर बोलतो.

बँकेत चेक आला की आम्ही नमुना सही ताडून बघायचो. शरीरही तेच करतं. पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात, ती त्या माणसाची सही. निम्मी आईकडची, निम्मी वडिलांकडची. रक्तातल्या टी-पेशी ती तपासतात. सही परकी दिसली की हल्ला! हा अवयव जीव वाचवायला आलाय, हे त्यांना कुठलं कळायला? जंतूंशी वागतात तशाच वागतात.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसवली. ती टिकली, कारण दोघांची सही एकच. खात्रीसाठी आधी एकाची कातडी दुसऱ्याला लावून पाहिली, बोटांचे ठसेसुद्धा घेतले. (आमच्या केवायसीपेक्षा कडक!) रिचर्ड पुढे ८ वर्षे जगला. मरे यांना १९९० चं नोबेल मिळालं.

असा जुळा भाऊ कितीजणांना असतो? बाकीच्यांना टॅक्रोलिमससारख्या गोळ्या. त्या टी-पेशींना आवरून धरतात. सकाळी नऊ, रात्री नऊ, किडनी चालते तोवर.

तिसऱ्या वर्षी गणपतीला गावी गेलो. गोळ्यांची पिशवी इथेच राहिली. तब्येत ठणठणीत होती, चार दिवसांनी काय होतंय म्हणून हिला बोललोच नाही. नंतरच्या तपासणीत क्रिएटिनिन १.३ चं २.६! ताप नाही, दुखणं नाही, लघवीही नेहमीसारखी. बायॉप्सीत टी-पेशी किडनीत घुसलेल्या दिसल्या. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं. आकडा १.८ वर थांबला, तो आजतागायत खाली आलेला नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकल्या का?" ही शेजारीच बसलेली. "हो" म्हणालो. ती तिथे काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "अहो, माझ्याकडे आता एकच उरलीय."

एक विनंती. या गोळ्यांनी जंतूंवरचा पहाराही ढिला पडतो. सर्दी-खोकला असेल तर मला लांबूनच नमस्कार करा. आणि जनरल बॉडीत रात्री नऊला ज्या मोबाइलचा गजर वाजतो, तो माझाच. खजिनदारांनी रागावू नये.