भट्टीच्या दारातील प्रदर्शन : अध्यक्षीय भाषण

मृत्पात्रकलेच्या या अधिवेशनात समूह-प्रदर्शनाचा विचार करताना पहिला प्रश्न जागेचा येतो, कारण शहरातील कलादालनात ठेवलेले भांडे आणि जिथे ते घडले, वाळले व भाजले त्या खेड्यातील चालत्या कार्यशाळेत मांडलेले भांडे यांच्याकडे पाहणाऱ्याची नजर सारखी राहत नाही. हिमाचल प्रदेशाच्या कांगडा खोऱ्यातील अंद्रेट्टा या गावाचे उदाहरण या दृष्टीने मोलाचे आहे. आयरिश नाट्यकर्मी नोरा रिचर्ड्स यांच्या वास्तव्याने कलावंतांचे गाव म्हणून ओळखल्या गेलेल्या अंद्रेट्ट्यात मनसिमरनसिंग आणि मेरी सिंग यांनी १९८३ मध्ये कार्यशाळा उभारली. मनसिमरन यांचे वडील सरदार गुरचरणसिंग १९१९ मध्ये जपानला जाऊन मृत्पात्रकलेचे शास्त्र शिकले, तेथे जपानी लोककलेचे विचारवंत यानागी सोएत्सु व ब्रिटिश मृत्पात्रकार बर्नार्ड लीच यांच्या संपर्कात आले आणि पुढे भारतातील ‘स्टुडिओ पॉटरी’चे, म्हणजे कलावंताने स्वतःच्या कार्यशाळेत स्वतःच्या हातांनी केलेल्या मृत्कामाचे, आद्य प्रवर्तक ठरले.

अंद्रेट्ट्याची ओळख ‘स्लिप’च्या नक्षीने झाली आहे. स्लिप म्हणजे पाण्यात कालवून, गाळून साईइतकी दाट केलेली माती. भांडे बोटाने दाबले तर आकार न मोडता ठसा उमटेल इतपत ओले असतानाच ती लावावी लागते. ते पूर्ण वाळल्यावर लावली, तर वरचा ओला थर आकसू लागतो, खालची माती मात्र आधीच आकसून बसलेली असते, आणि या विसंगतीमुळे नक्षीचे पोपडे निघतात. योग्य वेळ हवेच्या ओलाव्यावर ठरत असल्याने ती हातालाच ओळखता यावी लागते. फळ्यांवर अर्धओली भांडी शेजारी असली, म्हणजे पाहुण्यालाही हे एका दृष्टिक्षेपात उमगते. केवळ तयार भांड्यावरून ते उमगणे कठीण असते.

प्रदर्शन अनेकांचे असले, तरी भट्टी पुष्कळदा एकच असते. भाजून झालेली भट्टी निवताना सुमारे ५७३ अंश सेल्सिअसला मातीतील क्वार्ट्झ या खनिजाचे स्फटिक एकाएकी आकसतात, आणि त्या टप्प्यावर घाईने दार उघडल्यास सगळ्यांचीच भांडी तडकण्याचा धोका असतो. म्हणून भट्टी लावणारा, जाळ राखणारा आणि धीराने वाट पाहणारा माणूस प्रत्येक भांड्याचा सहनिर्माता मानला पाहिजे. त्याला मदतनीस म्हणणे अन्यायाचे आहे. माती मळणाऱ्या आणि चाकावर आकार उठवणाऱ्या पिढीजात कुंभाराचे नावही नक्षी काढणाऱ्या कलावंताच्या नावाआड झाकले जाऊ नये. विदर्भात कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभारलेल्या भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने कुंभारी व्यवसायाला नव्या तंत्राची जोड देण्याचे जे काम केले, त्याच्या मुळाशी हाच आदर होता, आणि महाराष्ट्रातील कलाशिक्षणाने त्याची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही.

प्रदर्शन भरवणाऱ्या सर्व कार्यशाळांना म्हणूनच आवाहन आहे की, प्रत्येक भांड्याच्या चिठ्ठीवर घडवणाऱ्याचे, नक्षी काढणाऱ्याचे आणि भट्टी लावणाऱ्याचे अशी तिन्ही नावे लिहावीत, आणि विक्रीच्या रकमेतील तिघांचा वाटा भांडी मांडण्यापूर्वीच ठरवावा.