राजाभाऊंच्या गप्पा

श्रोतेहो, परळ-लालबागला गिरण्यांचे भोंगे वाजत होते, तेव्हा तिथल्या चाळींत कोकण आणि घाटावरची निम्मी गावे नांदत होती. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला कामगार रात्री लोकनाट्याला जाऊन बसे. शाहीर साबळ्यांच्या पार्टीत एक हजरजबाबी नट होता, राजा मयेकर. 'यमराज्यात एक रात्र', 'आंधळं दळतंय' अशा खेळांतून तो लोकांना ठाऊक झाला.

लोकनाट्यात बतावणीला मोठा मान. कालची बातमी आजच्या संवादात येते. नट समोरच्या माणसांकडे बघतो, हशा ओसरू देतो आणि मग पुढचे वाक्य टाकतो.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झाले, १९७३ मध्ये ते पुण्याकडेही दिसू लागले. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम आला. 'गप्पागोष्टी'मधले मयेकर घरोघरी पोचले. पण स्टुडिओत प्रेक्षक कुठला? समोर दिवे आणि कॅमेरा! मैदानातला चढा आवाज तिथे चालत नाही. न दिसणाऱ्या माणसाशी ओट्यावर बसल्यासारखे बोलावे लागते. हे दिसते तितके सोपे नाही बरं का!

शिक्षकबंधूंनो, यात आपल्याही कामाची एक गोष्ट आहे. समजा, सांगायचे आहे की पेरणीआधी बियाण्याला औषध चोळा. नुसते सांगितले, तर लोक मान डोलावतात आणि घरी जातात. पण गप्पांत एखादा म्हणतो, "अहो, आमच्या बापजाद्यांनी कधी चोळलं होतं औषध?" की ऐकणारा सावरून बसतो. शंका त्याच्याच मनातली असते. मग उत्तरही त्याला आपलेसे वाटते. शंका घेणारा मूर्ख ठरला, तर मात्र सगळेच फसते. त्याचा मान राखून हसवणे, ही नटाची खरी कसोटी.

२६ फेब्रुवारी २०२० रोजी राजा मयेकर गेले. नाटकाची संहिता छापली जाते, सिनेमाची रिळे राहतात. दूरदर्शनच्या आरंभकाळी फिती महाग, त्याच पुसून पुन्हा वापरीत. गप्पा मारणाऱ्या नटाची कला अशी हवेत विरते. आपल्या गावात त्या गप्पा पाहिलेली वडीलधारी मंडळी असतील. मुलांना त्यांच्याकडे पाठवा, आठवेल ते वहीत उतरवून घ्यायला सांगा. तेवढे तरी आपल्या हाती आहे.