सूनबाईंचे टेबल



आज एका टेबलाची हकीकत सांगतो. टेबल साधेच आहे. आमच्या घरी आहे. मी स्वतः केले आहे. म्हणजे एकदा चुकीचे केले, मग दुरुस्त केले. दोन्ही सांगतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आता संगणक आलेला आहे, नाहीतर येईल. तेव्हा हे उपयोगी पडेल.

आमची सूनबाई टायपिंगचे काम घेते. तालुक्याच्या गावी एक छापखाना आहे. तिथून हाताने लिहिलेले कागद येतात. लग्नपत्रिका असतात, संस्थांचे अहवाल असतात. ती ते मराठीत टाइप करून पाठवते. पानामागे पैसे मिळतात. नातीच्या शाळेचा खर्च त्यातून निघतो.

मुलाने तिला लॅपटॉप आणून दिला. लॅपटॉप म्हणजे वहीसारखा मिटणारा संगणक. उघडला की वरच्या बाजूला पडदा, खालच्या बाजूला अक्षरांची बटणे. बटणांच्या पाटीला कीबोर्ड म्हणतात. सूनबाई पाटावर लॅपटॉप ठेवी आणि खाली मांडी घालून बसे. रोज तीन-चार तास. सहा महिन्यांनी तिची मान आखडली. हाताला मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, बसण्याची रीत बदला, नाहीतर काम थांबवा.

ती मला म्हणाली, "मामा, मी हे काम सोडून देते."

मला ते बरे वाटले नाही. स्वतःच्या हिमतीने मिळवलेले काम. ते एका पाटापायी सोडायचे काय?

तुम्ही म्हणाल, आपली वाडवडील मंडळी खाली बसूनच लिहीत होती. खरे आहे. पण जुन्या पेढीवरच्या मुनीमजींचे बैठे मेज आठवा. त्याला उतार असे. वही तिरपी राही आणि डोळ्यांकडे वर येई. मान फार वाकवावी लागत नसे. पाटाला उतारही नाही आणि उंचीही नाही.

बाजारात तयार टेबले पाहिली. स्वस्त होती ती लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची. तिला पाणी लागले की ती फुगते. आमच्या घरात पावसाळ्यात ओल येते. म्हणून ठरवले, घरीच करायचे.

गोठ्याचे जुने सागवानी दार माळ्यावर पडून होते. सहा फूट उंच, दोन फूट रुंद. एकेक फूट रुंदीच्या दोन फळ्या, मागून आडव्या पट्ट्या मारलेल्या. जाडी सव्वा इंच. त्यातले चार फूट टेबलाला घ्यायचे ठरवले. चार फूट लांब, दोन फूट रुंद. एका माणसाला एवढे पुष्कळ होते. शेजारी कागद ठेवायलाही जागा राहते.

करवत लावली आणि खट्‌कन आवाज झाला. लाकडात जुना खिळा मोडून राहिला होता. करवतीचे दोन दात गेले. तेव्हा जुने लाकूड कापण्याआधी त्यावर लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटेल तिथे खिळा आहे. तो पकडीने उपसा, मगच करवत चालवा. ही अक्कल मला दोन दात गेल्यावर आली.

कोपरा काटकोनात आहे की नाही, हे सुतार गुण्या लावून पाहतो. माझ्याकडे गुण्या नव्हता. पण टेप होता. कोपऱ्यापासून एका कडेवर १८ इंचांवर खूण करा. दुसऱ्या कडेवर २४ इंचांवर खूण करा. दोन खुणांमधले तिरपे अंतर मोजा. बरोबर ३० इंच भरले, तर कोपरा काटकोन आहे. हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत, यज्ञाची वेदी आखण्याच्या ग्रंथात, तो दिलेला आहे. वर्गात मी तो मुलांना फळ्यावर शिकवला होता. लाकडावर पहिल्यांदाच वापरला, आणि जमला तेव्हा लहान मुलासारखा आनंद झाला.

पायांसाठी वखारीतून बाभळीचे दोन इंची चौरस तुकडे आणले. चारी पायांना वरच्या बाजूने आडव्या पट्ट्या जोडल्या. पट्टीच्या टोकाला कुसू काढायचे, पायाला तेवढेच भोक पाडायचे आणि त्यात कुसू घट्ट बसवायचे. वर फेव्हिकॉल. मग रात्रभर हलवायचे नाही. पट्ट्या फळीला आतून स्क्रूने जोडल्या. जुने सागवान कठीण असते. आधी गिरमिटाने बारीक भोक पाडा आणि स्क्रूला साबण चोळा. नाहीतर लाकूड तडकते.

टेबल डुगडुगू लागले. यावर उपाय सोपा आहे. चार काड्यांचा चौकोन करून कोपऱ्यांना टाचण्या मारा. ढकलला की तो वाकडा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा. तो ढकलून वाकडा होत नाही. म्हणून टेबलाच्या मागच्या बाजूला एक तिरपी पट्टी मारली. त्रिकोण झाला आणि डुगडुग थांबली.

आता चूक सांगतो.

उंची किती ठेवायची? मी शाळेतले माझे टेबल आठवले. ३० इंच. फळीची जाडी सव्वा इंच. ३० मधून सव्वा वजा केले, तर पाय पावणेएकोणतीस इंचांचे झाले. ही वजाबाकी पुष्कळ लोक विसरतात. मी विसरलो नाही, याचा मला मोठा गर्व झाला!

सूनबाई खुर्चीवर बसली. टेबल तिच्या छातीला आले. टाइप करताना दोन्ही खांदे वर चढले. पाय जमिनीला टेकेनात. ती काही बोलली नाही. "छान झालंय हो मामा," म्हणाली. आठ दिवस तशीच बसली. नवव्या दिवशी ती खांद्याला तेल चोळताना दिसली.

गावातल्या सुताराला बोलावले. माझाच जुना विद्यार्थी. गणितात कच्चा होता. त्याने टेबलावर हात फिरवला, सांधे पाहिले आणि म्हणाला, "काम बेस आहे गुरुजी. पण माप कुणाचं घेतलं?"

मी म्हणालो, "शाळेच्या टेबलाचं."

"आन् बसणार कोण?"

मी काय बोलणार? दाराचे माप घेतले होते, पायांचे घेतले होते. जी बसणार तिचे घेतलेच नव्हते.

त्याने सूनबाईंना खुर्चीवर बसवले आणि टेप माझ्या हातात दिला. मंडळी, हे मोजणे नीट लक्षात घ्या. माणसाने खुर्चीत सरळ बसायचे. पाय पूर्ण टेकलेले हवेत. टेकत नसतील तर पायाखाली फळी द्यायची. आमच्या खुर्चीची बैठक १७ इंचांवर होती, म्हणून दोन इंचांची फळी दिली. मग खांदे सैल सोडायचे, दंड अंगालगत ठेवायचे आणि कोपर काटकोनात वाकवायचे. जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचे. २६ इंच भरले. कीबोर्डची जाडी एक इंच. म्हणजे टेबल २५ इंच उंच हवे. मी केले होते ३०. पाच इंच जास्त!

तुमच्या घरी हा आकडा वेगळा येईल. माझा आकडा घेऊ नका, मोजण्याची रीत घ्या.

टेबल उलटे केले. चारी पायांवर वरून खाली मापून चौफेर खुणा केल्या आणि पाच-पाच इंच कापले. कापल्यावर एक पाय किंचित अधर वाटला. तिथे पाय कापायचा मोह आवरा. दोष बहुधा जमिनीचा असतो. एक कापला की दुसरा लांब वाटतो, मग तोही कापावा लागतो. असे करता करता टेबलाचा पाट होतो! पायाखाली शहाबादी फरशीचे तुकडे द्या. टेबल समपातळीत येते आणि ओल व वाळवीही थेट पायाला लागत नाही.

आणखी एक अडचण आली. टेबल खाली आले आणि पुढची आडवी पट्टी मांडीला लागू लागली. ती काढून टाकली. बाजूच्या दोन आणि मागची एक पट्टी पुरेशी झाली. तुम्ही कराल तेव्हा पुढे पट्टी घालूच नका.

राहिली मान. लॅपटॉपचा पडदा आणि बटणे एकमेकांना जोडलेली असतात. बटणे हातापाशी आणली की पडदा खाली जातो आणि मान वाकते. पडदा वर उचलला की हात वर जातात. यावर उपाय म्हणजे वेगळा कीबोर्ड आणि वेगळा माउस. ते तारेने जोडता येतात. उरलेल्या दारातून दीड फूट लांब, एक फूट रुंद फळी काढली. पायांचे कापलेले चार तुकडे तिला पाय म्हणून लावले. माझ्या चुकीचे तुकडे असे कामाला आले. त्या चौरंगावर लॅपटॉप, खाली समोर कीबोर्ड. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, फार तर थोडी खाली. पडदा एक हात लांब.

टेबल खिडकीजवळ ठेवले, पण खिडकी डाव्या हाताला. खिडकी पाठीशी असली तर पडद्यावर चमक येते. समोर असली तर डोळे दिपतात.

विजेचे सांगायला हवे. पिन तीन पायांची असेल तर अर्थिंग असलेल्याच खोक्यात लावा. तिसरा पाय मोडून बसवणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नका. जोडबोर्ड जमिनीवर टाकू नका. फरशी पुसताना पाणी जाते. वीज बंद करून तो टेबलाच्या मागच्या पट्टीला स्क्रूने बसवा. तारा सुतळीने एकत्र बांधा. लोंबती तार उंदराच्या तोंडी लवकर लागते. ज्यांच्याकडे मोठा संगणक आहे, त्यांनी त्याची पेटीही जमिनीपासून चार बोटे उंच ठेवावी. खाली धूळ शिरते.

सूनबाईंची मान एका दिवसात बरी झाली नाही. दोन महिने लागले. डॉक्टरांनी सांगितले आहे, म्हणून ती अर्ध्या तासाने उठते आणि अंगणात चक्कर मारून येते. काम सोडण्याचे आता बोलत नाही. मात्र त्या टेबलावर मी बसलो की माझे गुडघे अडकतात. तिथे माझे काही काम नाही, हे बरेच आहे.

उद्या वर्गाला येताना ज्यांच्या घरी टेप असेल त्यांनी आणावा. नसेल त्यांनी सुतळी आणावी. जोडीजोडीने बसून एकमेकांच्या कोपराची उंची मोजू आणि प्रत्येकाने आपला आकडा आपल्या वहीत लिहायचा आहे.