गुन्ह्याची शिक्षा मैदानावर द्यावी का?

आजचा विषय जड आहे आणि त्यात लहान मुलांवरच्या अत्याचाराचा उल्लेख येणार आहे. गाडीत मुलं बरोबर असतील तर हा भाग नंतर ऐका.

प्रश्न असा आहे. एखाद्या कॉलेजच्या संघाशी जोडलेल्या माणसाने गुन्हा केला, वरच्यांनी तो दाबला, तर पोलीस आणि कोर्ट आहेतच. पण खेळाच्या नियामक संस्थेने त्या संघाला वेगळी शिक्षा करावी का? अमेरिकेत कॉलेजचं फुटबॉल म्हणजे काय प्रकरण आहे हे तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना विचारा. पेन स्टेट विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सहा हजारांवर माणसं बसतात. कॉलेजच्या मॅचला, बरं का!

जेरी सँडस्की हा याच पेन स्टेटचा अनेक वर्षांचा सहायक प्रशिक्षक. १९७७ मध्ये त्याने गरजू मुलांसाठी एक संस्था काढली आणि त्याच मुलांना तो हेरत राहिला. १९९८ मध्ये एका आईने तक्रार केली, चौकशी झाली, खटला झाला नाही. १९९९ मध्ये तो निवृत्त झाला, पण संघाच्या इमारतीत त्याचं येणंजाणं चालूच राहिलं. २००१ मध्ये संघातल्याच एका तरुण सहायकाने त्याला शॉवरमध्ये एका मुलाबरोबर पाहिलं आणि मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना सांगितलं. पॅटर्नोंनी वरिष्ठांना सांगितलं. वरिष्ठांनी पोलिसांना किंवा बालकल्याण खात्याला काहीच कळवलं नाही. अटक व्हायला नोव्हेंबर २०११ उजाडला. मधली दहा वर्षं तो मोकळा होता. जून २०१२ मध्ये ४८ पैकी ४५ आरोपांत तो दोषी ठरला आणि पुढे त्याला ३० ते ६० वर्षांची कैद झाली.

पॅटर्नोंना काढल्याची बातमी आली त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी टीव्ही चॅनेलची एक व्हॅन उलटी केली. मुलांसाठी नाही, प्रशिक्षकासाठी! ते फुटेज बघताना मला वाटलं होतं, या गावाला धडा मिळालाच पाहिजे.

तो मिळालाही. एफबीआयचे माजी प्रमुख लुई फ्री यांचा अहवाल १२ जुलै २०१२ ला आला आणि अकरा दिवसांत एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, शिक्षा जाहीर केली. सहा कोटी डॉलर दंड. चार वर्षं हंगामानंतरच्या सामन्यांना बंदी. शिष्यवृत्त्यांत मोठी कपात. आणि १९९८ ते २०११ मधले ११२ विजय रद्द, त्यातले १११ पॅटर्नोंचे. मी तेव्हा म्हटलं, शाब्बास.

आता तसं म्हणवत नाही. का ते सांगतो.

एक तर ही शिक्षा नेमकी कुणाला झाली? सँडस्की तुरुंगात होता. पॅटर्नो जानेवारीत वारले होते. विद्यापीठाचे अध्यक्ष आणि दोन अधिकारी पदावरून गेले होते आणि त्यांच्यावर फौजदारी खटलेही झाले. २०१७ मध्ये दोघांनी गुन्हा कबूल केला, अध्यक्षांना ज्यूरीने दोषी धरलं, आणि अपिलं संपून २०२१ मध्ये तेही तुरुंगात जाऊन आले. मग मैदानावर उरलं कोण? वीस वर्षांची पोरं. १९९८ मध्ये ती सहा वर्षांची होती! त्यांना दुसऱ्या कॉलेजात जायची मुभा दिली होती हे खरं, काही जण गेलेही.

आणि ते रद्द केलेले विजय! हे तर मला कधीच कळलं नाही. स्कोअर खोडल्याने ज्या मुलावर अत्याचार झाला त्याला काय मिळालं?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. एनसीएएने आपली नेहमीची पद्धत बाजूला ठेवली. स्वतः चौकशी केली नाही, सुनावणी केली नाही. विद्यापीठाने नेमलेल्या माणसाचा अहवाल घेतला आणि करारावर सही करून घेतली. पुढे राज्यातल्या एका सिनेटरने दंडाच्या पैशावरून खटला भरला, त्यात एनसीएएच्या अधिकाऱ्यांचे ईमेल बाहेर आले. आपल्याला हा अधिकार आहे का, याची त्यांची त्यांनाच खात्री नव्हती. जानेवारी २०१५ मध्ये तडजोड झाली, ११२ विजय परत आले. सामन्यांवरची बंदी तर त्याआधीच उठली होती. सहा कोटी मात्र राहिले, आणि तो पैसा पेनसिल्व्हेनियातच बाल-अत्याचार रोखण्यासाठी आणि पीडितांच्या मदतीसाठी लागला. सगळ्या शिक्षेत मला पटणारी हीच एक गोष्ट.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे संस्थेने हात बांधून बसावं? थांबा, तेही बघू. कारण पुढे अगदी तेच झालं.

मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या लॅरी नासर या डॉक्टरने शेकडो मुलींवर अत्याचार केले. विद्यापीठाने ३३२ पीडितांना ५० कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. एनसीएए? २०१८ मध्ये म्हणाली, आमचा कुठलाही नियम मोडलेला दिसत नाही.

बेलर विद्यापीठाचं तर वाचून डोकं फिरतं. फुटबॉल खेळाडूंवर लैंगिक अत्याचाराचे आरोप होते आणि विद्यापीठाने ते नीट हाताळले नव्हते. २०२१ मध्ये एनसीएएच्या समितीने म्हटलं की हे सगळं वाईट आहे, पण तक्रारी दाबणं फक्त खेळाडूंपुरतं नव्हतं, सगळ्या कॅम्पसवर तीच तऱ्हा होती; म्हणजे खेळाडूंना खास सवलत मिळाली असं होत नाही, म्हणून नियमभंग नाही. ऐकलंत ना? सगळ्यांकडेच दुर्लक्ष केलं म्हणून सुटका! इतर बारीकसारीक नियमभंगांसाठी पाच हजार डॉलर दंड झाला.

आणि १९८७ मध्ये याच संस्थेने एसएमयू विद्यापीठाचा अख्खा हंगाम बंद केला होता. कशासाठी? खेळाडूंना चोरून पैसे दिले म्हणून.

पण समितीला नुसती नावं ठेवून चालणार नाही. तिच्या हातातलं पुस्तक खेळ बरोबरीचा राहावा म्हणून लिहिलेलं आहे. आपल्याकडे २०१५ मध्ये लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थानच्या संघांना दोन वर्षं बाहेर ठेवलं, तिथे निदान सट्टा खेळाशीच भिडलेला होता. शॉवरमधला गुन्हा त्या पुस्तकात बसत नाही. बसवायला गेलं की पेन स्टेट होतं, नाही बसवला की बेलर.

माझं मत विचाराल तर गुन्ह्याची शिक्षा कोर्टाने द्यावी, आणि संस्थेची चूक सरकारने बघावी. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने कॅम्पस-सुरक्षेच्या कायद्याखाली पेन स्टेटला सुमारे २४ लाख आणि मिशिगन स्टेटला ४५ लाख डॉलर दंड केलाच. नियामक संस्थेने एकच नियम आधीपासून लिहून ठेवावा: अत्याचाराची खबर मिळूनही ज्याने पोलिसांना कळवलं नाही, तो प्रशिक्षक असो की क्रीडा संचालक, त्याला कुठल्याच कॉलेजात पुन्हा खेळाची नोकरी नाही. ही शिक्षा माणसाच्या मागे जाते, संघाच्या नाही.

यावर एक आक्षेप आहे, आणि त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. ही माणसं गप्प बसली ती संघासाठीच, त्या एक लाख खुर्च्यांसाठी. मग संघाला झळ नाही लागली तर पुढचा माणूस बोलेल कशाला? तुम्हाला काय वाटतं ते लिहा. विशेषतः तिकडच्या कॉलेजात शिकलेल्यांनी.

आज इतकंच. भेटू पुढच्या भागात.