गावठी डुकरीण, विलायती नर



मी मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो, पण माणूस बीडचाच. आज डुकरावर बोलणार. नाकाला रुमाल लावणाऱ्यांनी खुशाल लावावा.

गावठी गायीला जर्सीचं रेतन केलं की सरकार म्हणतं धवलक्रांती. कैकाड्या-वडाराच्या गावठी डुकरिणीला यॉर्कशायरचा नर दाखवला की म्हणे घाण! संकर तोच, जात तेवढी वेगळी.

हिशेब ऐका. डुकरीण 114 दिवसांत विते. गावठीला पाच-सहा पिल्लं, संकरित मादीला आठ-दहा. वाढ लवकर, मांस जास्त. पण हे फुकट नाही. पांढऱ्या कातडीला आपलं ऊन सोसत नाही. सावली, पाणी, पोटभर खाणं पाहिजे. उकिरड्यावर सोडलं तर संकर मातीत गेला. लहान मादीवर थोराड नर घालू नका, ती मोडते; कमी वयाचा, हलका नर घ्या. त्याच नराला त्याच्याच लेकीवर सोडू नका. स्वाइन फिव्हरची लस टोचा.

आता सरकार. राष्ट्रीय पशुधन अभियानानं 2021 साली डुकरांना 50 टक्के अनुदान दिलं, 30 लाखांपर्यंत. तेव्हा अट काय होती? 100 माद्या, 10 नर! दोन डुकरिणी आन् पत्र्याचा आडोसा असलेल्या मावशीनं कुठल्या दारानं आत जायचं?

म्हणून मागणी एकच. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गायीला रेतन मिळतं, तसा आमच्या डुकरिणीला चांगला नर मिळालाच पाहिजे. भीक नाही, बरोबरी मागतोय.