व्हॅलेंटाइन, धवलेरी आणि लग्नाची उचल

आसनगावच्या लोकलमध्ये दारात उभं राहून, मुरबाड-कल्याण एसटीत खिडकीला डोकं टेकून, नाहीतर घरी गोठ्याचं काम करता करता ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत.

आजचा भाग तुमच्या मेसेजवरून केलाय. मेसेज दोन प्रकारचे होते. एक, "दादा, हा व्हॅलेंटाइन डे नक्की आला कुठून?" आणि दुसरा, "हे आपलं नाहीच, यावर बोलूच नका." आपण दोन्ही घेऊ. पण त्यानंतर मला आपल्या शहापूर-मुरबाडबद्दल एक गोष्ट बोलायचीय, आणि खरं तर हा भाग मी तिच्यासाठीच करतोय. तेव्हा गुलाबाच्या किमतीवर थांबू नका, पुढं ऐका.

आधी हा व्हॅलेंटाइन कोण?

तर व्हॅलेंटाइन नावाचा एकच माणूस होता असं नाही. तिसऱ्या शतकातल्या रोमच्या परिसरातले निदान दोन व्हॅलेंटाइन ख्रिस्ती परंपरेत सांगितले जातात. एक रोममधला धर्मगुरू, दुसरा तेर्नी गावचा बिशप. दोघांनाही धर्मापायी मारलं आणि दोघांचाही स्मृतिदिन १४ फेब्रुवारी. आता व्हॉट्सअॅपवर दरवर्षी फिरणारी गोष्ट तुम्हाला माहीत असेल. सम्राट क्लॉडियस दुसरा याला वाटलं, लग्न झालेला गडी लढायला कचरतो. म्हणून त्यानं सैनिकांच्या लग्नांवर बंदी घातली. व्हॅलेंटाइन मात्र गुपचूप लग्नं लावत राहिला, सापडला आणि मारला गेला. गोष्ट छान आहे, पण ती त्याच्या काळातली नाही. ती कितीतरी नंतर त्याच्या नावाला चिकटली. इतिहासात त्याच्याबद्दल पक्कं इतकं कमी सापडतं, की १९६९ साली कॅथलिक चर्चनं जगभरच्या आपल्या सामायिक कॅलेंडरमधून त्याचा दिवस काढून टाकला.

रोममध्ये फेब्रुवारीच्या मध्याला लुपरकेलिया नावाचा सण असायचा, त्यातूनच हा दिवस आला, असंही सांगतात. तोही फक्त अंदाज आहे, थेट पुरावा नाही.

मग या दिवसात प्रेम आलं कधी? तर आलं कवींमुळे. १३८०च्या आसपास इंग्लंडमध्ये चॉसर नावाच्या कवीनं एक मोठी कविता लिहिली. तिच्यात सेंट व्हॅलेंटाइनच्या दिवशी सगळे पक्षी जमतात आणि आपापला जोडीदार निवडतात. हा दिवस आणि प्रेम यांची जोडी तिथून पुढं दिसायला लागते. म्हणजे सणाची सुरुवात संताच्या नावानं झाली आणि प्रेम त्यात आलं पाखरांच्या पंखांवरून.

पुढं १८४० साली इंग्लंडमध्ये पोस्टाचा दर एक पेनी झाला. मग काय! पत्र टाकणं स्वस्त झालं, छापील कार्डांचा धंदा उभा राहिला. त्याच दशकात अमेरिकेत एस्थर हाउलंड नावाच्या बाईनं लेस लावलेली कार्डं घरी करून विकायला सुरुवात केली आणि त्यातून मोठा व्यवसाय उभा केला. जपानमध्ये या दिवशी बायका पुरुषांना चॉकलेट देतात, आणि महिन्याभरानं १४ मार्चला पुरुषांनी परतफेड करायची असते. आपल्याकडे हा दिवस गाजायला लागला तो १९९०च्या दशकात. केबल टीव्ही आला, ग्रीटिंग कार्डांची दुकानं आली, सिनेमे आले. आणि आज मावळात, तळेगावच्या बाजूला पॉलिहाउसमध्ये गुलाब पिकवणारे शेतकरी याच तारखेवर डोळा ठेवून छाटणी करतात, कारण त्यांचा माल परदेशात जातो. म्हणजे हा सण आता मावळातल्या मराठी शेतकऱ्याच्या हिशोबाच्या वहीतही आलाय.

आता दुसऱ्या मेसेजकडे येऊ. "आपलं नाही."

नाव आपलं नाही, मान्य. पण प्रेमाचं काय? आपल्या मुरबाड तालुक्यातून कल्याण-नगर रस्त्यानं वैशाखऱ्याला उतरा आणि चालायला लागा. वर नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेनं जुन्नरला चढायचा. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. त्यात कोणकोणते यज्ञ केले, किती गाई दिल्या, किती नाणी दिली, सगळं आकड्यांसकट कोरलंय. याच सातवाहन घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर एक पुस्तक आहे, गाथासप्तशती. महाराष्ट्री प्राकृतातल्या साधारण सातशे गाथा. राजवाड्यातल्या नाहीत, तर शेतकऱ्यांच्या, शिकाऱ्यांच्या, नवऱ्याची वाट बघणाऱ्या बायकांच्या. चोरून भेटणं, रुसणं, फाल्गुनातल्या उत्सवात एकमेकांना चिखल फासणं, सगळं आहे त्यात. स. आ. जोगळेकरांनी ते मराठीत आणलंय. लायब्ररीत मिळालं तर जरूर वाचा. वाचल्यावर "आपल्याकडे असलं काही नव्हतं" हे वाक्य तोंडातून निघणार नाही.

आणि इतकं मागं तरी कशाला जायचं? आपल्या वारली पाड्यांवर बघा ना. भात तयार झालं की तारपा निघतो. भोपळ्याचा आणि ताडाच्या पानाचा तो लांबलचक तारपा वाजवणारा मधे, आणि त्याच्याभोवती पोरं-पोरी एकमेकांच्या कमरेत हात घालून रात्र रात्र नाचणार. कितीतरी पसंत्या तिथंच ठरल्या. लग्नात घराच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठानं देवचौक काढतात, त्यात पालघट देवी बसते. आणि लग्न लावते कोण? धवलेरी. बाई! ती गाणी म्हणत म्हणत लग्न लावते. मुलीच्या बापाला देज द्यायचं असतं ते मुलाकडच्यांनी.

एवढं ऐकून वाटेल, वा, आपल्याकडे सगळं छानच होतं. नाही मंडळी. आता मूळ मुद्दा.

प्रेम जमायला इथं पैसे लागत नव्हते, पण लग्नाला लागायचे. देज, जेवण, ताडी, कपडे. ते आणायचे कुठून? सावकाराकडून, जमीनदाराकडून. आणि फेडायचे कसे? अंगमेहनतीनं. त्या माणसाला नावच होतं: लग्नगडी. लग्नासाठी कर्ज काढलेला गडी. तो एकटा राबायचा नाही, त्याच्याबरोबर त्याची नवी बायकोही राबायची. वर्षानुवर्षं, कित्येकदा जन्मभर. १९३०च्या दशकाच्या शेवटी सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आदिवासी भागाचा सरकारी अहवाल लिहिला, त्यात हे आलंय. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तर पानोपानी ही माणसं भेटतात. १९४५ च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथं वारली लोक आले, आणि त्याच वर्षी वेठबिगारी आणि लग्नगडी यांच्याविरुद्ध जुन्या ठाणे जिल्ह्यात उठाव उभा राहिला. त्या लोकांनी मालकांच्या घरी जाऊन लग्नगड्यांना मोकळं केलं.

विचार करा. त्या रोमन गोष्टीत लग्नाला आडवा येतो तो राजाचा हुकूम. आपल्याकडे आडवी आली ती कर्जाची वही. आणि ती जास्त वाईट, कारण ती लग्न होऊ देते आणि त्यानंतर दोघांनाही विकत घेते.

तुम्ही म्हणाल, ते जुनं झालं. १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आला. बरोबर, आला. पण दिवाळी झाली की आपल्याकडच्या कातकरी वाड्यांवर एक चक्कर मारा. निम्म्या झोपड्यांना कुडाचं दार लावलेलं दिसेल. माणसं वीटभट्टीवर गेलेली असतात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. १४ फेब्रुवारीला आपण स्टेटस टाकत असतो तेव्हा आपल्याच वयाची जोडपी भट्टीवर चिखल तुडवत असतात. आणि ती गेलेली असतात उचल घेऊन. पावसाळ्यात घेतलेली उचल. आजारपणाला, घराला आणि लग्नाला.

आमच्या शेजारच्या वाडीवरचा एक पोरगा आहे, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. नाव नाही सांगत. स्वतः पसंत केलेली मुलगी, घरच्यांचाही विरोध नाही. तरी लग्नाला मंडप, डीजे, दोन गावांचं जेवण. मी म्हटलं, "अरे, एवढं कशाला?" तर म्हणाला, "दादा, डीजे नाय लावला तं लोक काय बोलतील?" तीन हंगाम झाले. परवा फोनवर विचारलं, "फिटले का?" तर म्हणाला, "व्याज नाय रं दादा, पण आकडा काय हालत नाय. पोराला दवाखान्यात नेला, परत उचलले." मागं त्याच्या बायकोचा आवाज येत होता. ती विटा मोजत होती.

हे फक्त कातकऱ्यांचं नाही, बरं का. कुणबी, आगरी, ठाकर, आपण सगळे त्यातच. कुणी जमिनीचा तुकडा विकतो, कुणी सोसायटीचं कर्ज काढतो. हळदीच्या एका रात्रीत किती जातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय.

याच्या उलट टोकाला दुसरी जोडपी. लग्नाला पैसे नाहीत म्हणून नुसतीच एकत्र राहायला लागलेली. आदिवासी पाड्यांवर याला फारसं कुणी नावं ठेवत नाही, आणि ते चांगलंच आहे. पोरं मोठी झाल्यावर, कधी पोराच्याच मांडवात, आईबाप आपलंही लग्न उरकून घेतात. पण कागद नसतो. रेशनकार्डावर नाव चढवायचं, पोराचा दाखला काढायचा, उद्या नवरा गेला तर जमिनीवर किंवा नुकसानभरपाईवर हक्क सांगायचा, तेव्हा त्या बाईला विचारतात, "लग्नाचा पुरावा काय?"

म्हणून आता कामाचं बोलू. लिहून घ्या.

एक. आदिवासी रीतीनं, धवलेरीनं लावलेलं लग्न खरं लग्नच आहे. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा सरसकट लागू नाही, त्यांची रूढी चालते. फक्त त्याची नोंद करा. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक हाच विवाह निबंधक असतो. तीन साक्षीदार, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नाचा फोटो घेऊन जा. फी किरकोळ असते.

दोन. विधीच नको असेल किंवा जात-धर्म वेगळे असतील, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती ३० दिवस लागते, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. मुलगी १८ ची, मुलगा २१ चा हवा. याबाबतीत घाई करू नका, मैत्रिणीच्या वयाबद्दल तर अजिबात नाही.

तीन. दोघं सज्ञान असतील तर घरच्यांची, समाजाची, पंचांची परवानगी लागत नाही. २०१८ साली शक्ती वाहिनी खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट सांगितलंय. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा वेगळा कायदाही आहे. आंतरजातीय लग्नाला सरकारचं ५० हजार रुपयांचं साहाय्य आहे, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात त्याच्या अटी विचारा.

आणि कमी खर्चाचं लग्न म्हणजे कमीपणा, असं कुणी म्हणालं तर त्याला एक तारीख सांगा. २५ डिसेंबर १८७३. पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. सीताराम आल्हाट आणि राधा. भटजी नाही, हुंडा नाही, बडेजाव नाही. नवरा-नवरीनं एकमेकांना शब्द दिला, झालं. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. लोकांचा विरोध अंगावर घेऊन लग्नं लावणारा तो व्हॅलेंटाइन दंतकथेतला आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई दंतकथेतले नाहीत.

तेव्हा गुलाब द्या, बिनधास्त द्या. नसेल परवडत तर या दिवसांत माहुलीच्या पायथ्याशी पळस फुललाय, तो फुकट आहे. पण ज्याला किंवा जिला द्याल, त्यांच्याशी एक गोष्ट नक्की बोलून ठेवा: आपल्या लग्नाचे पैसे कुठून येणार आणि ते कोण फेडणार? हा प्रश्न आधी विचारलेला बरा. मांडव उतरल्यावर तो भट्टीचा मुकादम विचारतो.

हा भाग अशा एका मित्राला पाठवा ज्याचं लग्न यंदाच्या वैशाखात ठरलंय. आणि तुमच्याकडे कुणी साधं लग्न केलं असेल तर कसं केलं, घरच्यांना कसं पटवलं, ते व्हॉइस मेसेज करून सांगा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकवीन. चला, काळजी घ्या. भेटूच!